आधाराचा पत्ता

इतिहासाच्या ग्रंथांत पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत छापलेल्या टीपांकडे बहुतेक वाचक ढुंकूनहि पाहत नाहींत. विद्वत्तेचा तो एक अलंकार आहे, अशी त्यांची समजूत असते. आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळ लेखकांची समजूतहि याहून फारशी निराळी नसते. ग्रंथकाराचें नांव आधीं कीं ग्रंथाचें, साल कोठें घालावें, स्वल्पविराम कोठें द्यावा, या नियमांची संपादकाकडून सक्ती झाली म्हणजे ती त्यांना निव्वळ कारकुनी वाटते. परंतु या कारकुनीचा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसून येतें कीं, तिचें खरें प्रयोजन लेखकाचा मोठेपणा हें नसून, त्याचें म्हणणें पारखून घेऊं इच्छिणाऱ्या वाचकाची सोय हें आहे.

आधार सांगणें आणि आधाराचा पत्ता देणें या दोन भिन्न गोष्टी होत. पैकीं पहिलीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहितांना मल्लिनाथानें आरंभींच निर्मूल असें कांहीं न लिहिण्याची प्रतिज्ञा केली, आणि शब्दाशब्दाला अमराचा किंवा विश्व नांवाच्या कोशाचा हवाला देऊन ती पाळली. त्याच्या हवाल्यांत श्लोकाचा आंकडा नसे. कोशाचें नांव आलें कीं पुरे. ज्या वाचकासाठीं तो लिहीत होता त्याला अमरकोश मुखोद्गत होता. तेव्हां निराळा पत्ता द्यावयाचा कशाला?

मुद्रणकला आल्यावर ही स्थिति पालटली. ग्रंथांची संख्या इतकी वाढली कीं ते सारे कोणाच्याहि कंठीं राहणें शक्य नव्हतें. पण त्याचबरोबर एका आवृत्तीच्या शेंकडों प्रतींत तेंच वाक्य त्याच पानावर सांपडूं लागलें. आतां पत्ता देणें शक्य झालें, आणि शक्य झालें म्हणून तें कर्तव्यहि ठरलें.

या कर्तव्याची मोठी कसोटी इंग्लंडांत लागली. एडवर्ड गिबन याच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासाचा पहिला खंड इ. स. १७७६ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाला. त्यांतील टीपा ग्रंथाच्या शेवटीं एकत्र छापल्या होत्या. तत्त्वज्ञ व इतिहासकार डेव्हिड ह्यूम त्या वेळीं असाध्य दुखण्यानें पीडलेला होता. तरी ग्रंथ वाचून त्यानें एप्रिलांत प्रकाशक स्ट्रॅहन यास आवर्जून लिहिलें कीं, टीपेचा आंकडा दिसतांच वाचकानें शेवटचीं पानें उलटावीं, आणि तेथें बहुधा नुसतें एखाद्या ग्रंथाचें नांवच हातीं लागावें, हा त्रास व्यर्थ होय. असे आधार त्याच पानाच्या समासांत किंवा तळाशीं छापावे. ह्यूम ऑगस्टांत वारला. पुढील आवृत्त्यांत टीपा पानाच्या तळाशीं आल्या.

याच खंडाच्या १५ व्या व १६ व्या प्रकरणांत ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचीं लौकिक कारणें दिलीं होतीं, त्यामुळें धर्मनिष्ठ मंडळींत मोठी खळबळ उडाली. इ. स. १७७८ सालीं ऑक्सफर्डचा हेन्री डेव्हिस नांवाचा एक तरुण पदवीधर पुढें सरसावला. गिबनाच्या मतांशीं वाद घालून न थांबतां तो त्याच्या आधारांच्याच मागें लागला, आणि अवतरणें विपर्यस्त आहेत व पुष्कळसा भाग दुसऱ्यांच्या ग्रंथांतून उचललेला आहे, असा आरोप त्यानें केला. मतांवरील टीका गिबनानें मुकाट्यानें सोसली होती. पण प्रामाणिकपणावरचा हा घाव त्याला सोसवला नाहीं. पुढच्याच वर्षीं त्यानें उत्तर प्रसिद्ध केलें. त्या दोन प्रकरणांत मिळून ३८३ टीपा आहेत, हें त्यानें मोजून दाखविलें. आणि आपण घरीं नसूं अशा कोणत्याहि दुपारीं डेव्हिसानें यावें, नोकर त्याला आपला ग्रंथसंग्रह दाखवील, असें खोचक आमंत्रणहि दिलें.

या वादांत गिबनाची सरशी झाली असें सामान्यतः मानतात. पण आपण लक्षांत घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. डेव्हिसाला हा हल्ला करतां आला तो गिबनानें स्वतः दिलेल्या पत्त्यांच्या बळावर. गिबनानें एकहि टीप दिली नसती तर त्याला खोटें ठरविणें दुर्घट झालें असतें. पण मग त्याला खरें मानण्यासहि कारण उरलें नसतें.

महाराष्ट्रांत हीच दृष्टि वि. का. राजवाडे यांनीं आणली. इ. स. १८९८ मध्यें मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढतांना त्यांनीं बखरींतील हकीकतींवर विसंबून न राहतां इ. स. १७५० ते १७६१ या काळांतील पत्रेंच वाचकांपुढें ठेवलीं, आणि प्रत्येक पत्रास लेखांक दिला. लेखांक ही दिसावयास क्षुल्लक गोष्ट. पण तिच्यामुळें खंड अमुक, लेखांक अमुक एवढें लिहिलें कीं पुण्याचा अभ्यासक व नागपुरचा अभ्यासक एकाच पत्रावर बोट ठेवून भांडूं शकले. अशा भांडणांतूनच इतिहास शुद्ध होतो.

शास्त्रीय नियतकालिकांत गरज आणखी निराळी पडली. तेथें नवें संशोधन झपाट्यानें येतें, म्हणून आधार कोणाचा आणि किती जुना हें वाचतां वाचतांच कळावें लागतें. इ. स. १८८१ मध्यें हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनीं शंख नसलेल्या एका गोगलगाईवरील निबंधांत वाक्यामध्येंच कंसांत ग्रंथकाराचें नांव व साल घातलें. पुढें ही रीत हार्वर्ड पद्धति म्हणून सर्वत्र पसरली. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनीं इ. स. १९७८ मध्यें कॅनडांतील व्हँकूव्हर येथें जमून आंकड्यांची समान पद्धति ठरविली. पद्धति निरनिराळ्या असल्या तरी प्रश्न एकच: शंका घेणाऱ्यास मूळ जागा सांपडेल कीं नाहीं?

हा प्रश्न आज पूर्वींपेक्षांहि निकडीचा झाला आहे. इ. स. २०२३ मध्यें न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयांत कांहीं वकिलांनीं संगणकाकडून तयार करून घेतलेले निवाड्यांचे दाखले सादर केले. पक्षकारांचीं नांवें, न्यायालय, साल, आंकडे, सर्व कांहीं नियमाप्रमाणें होतें. मात्र असे निवाडे कधीं झालेच नव्हते. विरुद्ध पक्षाचे वकील ते शोधूं लागले, ते सांपडेनात, आणि न्यायाधीशांनीं ५,००० डॉलर दंड केला. स्वल्पविराम जागच्या जागीं असूनहि लबाडी लपली नाहीं, कारण कोणीतरी पत्त्यावर जाऊन दार ठोठावलें.

म्हणून नव्या लेखकानें आधारांची यादी नीट लावण्याचा कंटाळा करूं नये, आणि ती नीट लावली म्हणजे काम संपलें असेंहि समजूं नये. प्रत्येक नोंद लिहितांना आपल्या अत्यंत कठोर टीकाकाराची मूर्ति डोळ्यांपुढें आणावी, आणि तो या पत्त्यावर गेला तर त्याला तेथें काय आढळेल, हें आधीं स्वतः जाऊन पाहून यावें.