प्रमाणपत्र नसलेले मास्तर : एल साल्वादोरच्या लोकशाळा

मंडळी, आज आपण मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशाकडे वळू. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा जरा मोठा, एवढाच त्याचा आकार. पण १९८० ते १९९२ या काळात तिथल्या यादवी युद्धात सुमारे ७५ हजार माणसं मेली.

होंडुरासच्या सीमेलगतचे चालातेनांगो आणि मोरासान हे डोंगराळ प्रदेश. तिथला बराच मुलूख बंडखोरांच्या ताब्यात गेला. सरकारी शिक्षक निघून गेले, शाळांना कुलपं लागली. मुलं मात्र होतीच की! मग गावांनी स्वतःच शाळा सुरू केल्या. सीमेपलीकडे मेसा ग्रांदे आणि कोलोमोनकागुआ इथल्या निर्वासितांच्या छावण्यांतही तेच घडलं. ज्याला चार अक्षरं येत होती, तो इतरांना शिकवू लागला. १९८७ पासून हे निर्वासित गटागटाने मायदेशी परतले, तेव्हा शिकवण्याची ही रीतही सोबत घेऊन आले.

या शिक्षकांना लोकशिक्षक म्हणत. बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, त्यांत मुली पुष्कळ. अनेकांचं स्वतःचं शिक्षण काही इयत्तांपुढे गेलेलं नव्हतं. पगार नव्हताच, गाव जमेल तशी मदत करी.

आता पुढची गंमत बघा. गावं शाळा चालवू शकतात, हे सरकारच्याही लक्षात आलं. १९९१ साली शिक्षण मंत्रालयाने ‘एदुको’ योजना काढली आणि जागतिक बँकेने तिला बळ दिलं. पालकांची निवडून आलेली समिती सरकारकडून पैसे घेणार आणि वर्षभराच्या करारावर शिक्षक नेमणार, अशी रचना. कल्पना गावांचीच. पण नेमणूक प्रमाणपत्रधारकांची. म्हणजे बॉम्बवर्षावात ज्यांनी शिकवलं, त्यांनाच दार बंद! जानेवारी १९९२ मध्ये शांतता करार झाला, तरी हा वाद मिटला नाही.

सरकारचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मुलांना चांगला शिकवणारा हवा, यात दुमत कशाला? पण या शाळा बंडखोरांच्या आहेत, हा संशयही त्यामागे होता. लोकशिक्षकांनी मागणी सोडली नाही. शिकवता शिकवता त्यांनी आपलं राहिलेलं शालेय शिक्षण पुरं केलं, पुढे अध्यापनाची पात्रता मिळवली. त्यांतले अनेक जण रीतसर शिक्षक झाले.

आपण लोकांच्या शाळेला मदत करायची म्हणतो, तेव्हा पाट्या, पुस्तकं, पत्र्याचं छप्पर एवढंच डोळ्यांपुढे येतं. या इतिहासातून आपण घ्यावं ते वेगळं आहे. समितीला मान्यता द्यायची आणि शिकवणाऱ्याला नाकारायचं, तर ती शाळा गावाची उरत नाही. त्या शिक्षकाला पगार द्या, शिकायला सवड द्या, आणि तोवर त्याला वर्गातून उठवू नका.