रिफर्बिश्ड लॅपटॉप : बचत खरी, पण पारख हवी

मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, की घरात लॅपटॉपचा विषय निघतोच. शुल्क, वसतिगृह आणि पुस्तके यांच्या खर्चात नव्या लॅपटॉपची भर अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांना जड जाते. अशा वेळी ‘रिफर्बिश्ड’ लॅपटॉप हा विचार करण्याजोगा पर्याय ठरतो. मात्र किंमत पाहून हुरळून जाण्यापूर्वी काही बाबी जाणून घेणे हिताचे.

सेकंड हँड आणि रिफर्बिश्ड यांत फरक आहे. पहिली वस्तू आहे त्या स्थितीत विकली जाते. दुसरी तपासून, सदोष भाग बदलून आणि जुनी माहिती पुसून विकली जाणे अपेक्षित असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा व्यावसायिकांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.

माल येतो कुठून?

मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप काही वर्षांनी एकगठ्ठा बदलतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही यंत्रे त्यामुळेच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत दिसतात. कार्यालयीन वापरासाठी घडवलेली ही यंत्रे दणकट असतात आणि त्यांचे सुटे भागही सहसा मिळतात.

काय तपासावे?

प्रोसेसरची पिढी आधी पाहावी. ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. ‘आय-५’ पुढे ७२०० असेल तर सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी. केवळ ‘आय-५ आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये.

बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता विंडोजच्या बॅटरी अहवालात दिसते. कळफलक, कॅमेरा, बिजागरी, वाय-फाय आणि प्रत्येक पोर्ट दुकानातच चालवून पाहावे. यंत्र पूर्ण रिसेट करून दाखवण्याचा आग्रह धरावा. मूळ कंपनीच्या नोंदीतून ते वगळलेले नसल्यास रिसेटनंतर त्या कंपनीचे खाते मागितले जाते आणि यंत्र निरुपयोगी ठरते.

मोबाइल घेताना

चोरीचा फोन गळ्यात पडण्याचा धोका येथे मोठा. ‘*#०६#’ दाबल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक ‘केवायएम’ या अक्षरांपुढे, मध्ये जागा सोडून, इंग्रजीत टाइप करावा आणि तो संदेश १४४२२ वर पाठवावा. क्रमांक काळ्या यादीत वा ‘डुप्लिकेट’ आढळल्यास फोन घेऊ नये. जुन्या मालकाचे खाते काढले आहे ना, हेही पाहावे.

हिशेब पूर्ण मांडा

समजा, लॅपटॉप २२ हजारांना मिळाला आणि लवकरच बॅटरी व एसएसडीवर ६ हजार खर्च झाले, तर खरी किंमत २८ हजार होते. नव्याशी तुलना या आकड्याची करावी. अंतर किरकोळ असेल, तर पूर्ण वॉरंटीचे नवे यंत्रच श्रेयस्कर.

पक्के बिल, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक आणि लेखी वॉरंटी या तीन गोष्टींशिवाय पैसे देऊ नयेत. दुकानदाराने टाळाटाळ केल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते; पण त्यासाठीही हाती बिल हवे. बिलाशिवाय वाचलेले पैसे पुढे दुरुस्तीतच जाण्याची शक्यता अधिक.