शिवथरची धार : शब्दांतली आणि छायाचित्रांतली

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात विद्यार्थ्यांना घेऊन शिवथरघळीत गेलो होतो. रामदासांची धबधब्यावरची कविता वर्गात नुकतीच शिकवून झाली होती. घळीसमोर काळा कोरडा कडा आणि त्यावरून ओघळणारी बोटभर धार पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हीच का ती?" त्या प्रश्नाने मला एका जुन्या शोधाची आठवण करून दिली.

महाड तालुक्यातील ही घळ म्हणजेच रामदासी कागदपत्रांतील 'सुंदरमठ', हे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली पुढे आणले. दासबोधाचे लेखन येथे झाले अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. सहाव्या दशकातील कालोल्लेखावरून त्या ग्रंथाचा काही भाग १६५९च्या सुमाराचा ठरतो. म्हणजे सुमारे पावणेतीनशे वर्षे हे स्थळ मुख्यतः अक्षरांतच टिकून होते. ज्या कवितेला परंपरा या घळीचे वर्णन मानते, तिच्यात कोसळण्याचा घोष आहे, वाऱ्याने उधळलेले तुषार आहेत, त्यांचे धुके आहे. पण तीही एकाच ऋतूची कविता आहे. वैशाखातला कडा तिच्यात नाही.

मग कॅमेरा आला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. परंतु त्या काळच्या ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन, तो वाळण्याच्या आत चित्र घ्यावे व धुवावे लागे. अंधारा तंबू, बाटल्या, काचा हे सारे ओझे आषाढात सह्याद्रीच्या घाटात न्यायचे म्हणजे केवढे दिव्य! शिवाय प्रकाशनास कित्येक सेकंद लागत. तेवढ्यात पाणी पुढे निघून जाई आणि काचेवर उरे तो दुधासारखा पांढरा पट्टा. अमेरिकेत मायब्रिजने १८७२ साली योसेमिटीचे धबधबे टिपले, तेही असेच दुधाळ आहेत.

गंमत अशी, की त्या काळी जी यंत्राची मर्यादा होती ती आज हौसेने ओढवून घेतली जाते. भिंगावर काळसर काच चढवून, तिपाईवर कॅमेरा रोवून अर्धा-एक सेकंद झडप उघडी ठेवली की पाण्याचे रेशीम होते. सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपले की त्याच पाण्याचे मणी होतात. डोळ्यांना यांतले एकही दिसत नाही. छायाचित्र म्हणजे निव्वळ पुरावा, हा समज येथेच डळमळतो. कवीप्रमाणे छायाचित्रकारही निवड करतो.

निवडीचा हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. शिवथरची बहुतेक चित्रे आषाढ-श्रावणातली, आणि तीही सुरक्षित, प्रसन्न दिवसाची. पण २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तेथेच उगम पावणाऱ्या सावित्रीने महाड बुडवले आणि त्याच तालुक्यातील तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे गेली. २००५च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते यांनी हेच भोगले होते. ज्या पावसाने कडा देखणा होतो, त्याच पावसाने कड्याखालचे गाव गाडले जाते. आपल्या चित्रसंग्रहात यांतला पहिला पाऊस उदंड आहे. दुसऱ्याची चित्रे वृत्तपत्रांत आली आणि रद्दीत गेली.

त्या मे महिन्यापासून मी साध्या कॅमेऱ्याने, घळीतल्या एकाच दगडावर उभा राहून, जमेल त्या महिन्यात एक चित्र घेतो आणि मागे तारीख लिहितो. कार्तिकातली आटत चाललेली धार, फाल्गुनातला ओला डाग, ज्येष्ठातले पहिले गढूळ पाणी. कलेच्या दृष्टीने ती सामान्य आहेत. परंतु उद्या पावसाची चाल बदललीच, तर ती कशी बदलली हे सांगायला सुंदर चित्रांपेक्षा अशी तारीखवार चित्रेच उपयोगी पडतील.

विद्यार्थिनीला त्या दिवशी मी "हीच ती" एवढेच म्हणालो होतो. आज म्हणेन, हीसुद्धा तीच.