वाफेचं छोटं इंजिन घरी बनवायचंय? नकाशे आणि कास्टिंग मिळवताना या गोष्टी आधी बघा

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वेचा रूळ नाही. गाडी पकडायची तर जव्हारकर पालघर किंवा डहाणू गाठतात. मोखाड्याची मंडळी खोडाळामार्गे कसाऱ्याला उतरतात. याच कसाऱ्यापुढे थळ घाट सुरू होतो. १८६५ पासून तिथला १:३७ चा चढ वाफेची इंजिनं धापा टाकत चढायची.

ती इंजिनं गेली, पण रील्समध्ये हल्ली वेगळीच इंजिनं दिसतात. गुडघ्याएवढी उंची, आत खराखुरा कोळसा, खरी वाफ आणि मागच्या डब्यावर बसलेली दोन-चार माणसं. हे असं इंजिन आपल्याला बनवता येईल का?

येईल. लेथवर हात बसलेला टर्नर किंवा फिटर ते करू शकतो. पण बरेच जण पहिल्याच टप्प्यावर अडकतात. नकाशे कुठून आणायचे आणि कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कुठे मिळतात हेच कळत नाही.

हे खेळणं आहे का?

नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून सुरू आहे. तिथल्या गाड्या विजेवर धावतात. आपण बोलतोय ते ‘लाइव्ह स्टीम’ मॉडेलबद्दल. यात बॉयलर, सिलिंडर, पिस्टन आणि व्हॉल्व्ह हे सगळं मोठ्या इंजिनासारखंच काम करतं, फक्त आकार लहान असतो.

आधी गेज ठरवा

गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. या छंदात साडेतीन इंच (८९ मिमी), पाच इंच (१२७ मिमी) आणि सव्वासात इंच (१८४ मिमी) ही गेज जास्त चालतात.

इथे एक गंमत आहे. बहुतेक तयार नकाशे ब्रिटनमधले आहेत आणि तिथला मोठा रूळ १४३५ मिमीचा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा आहे. त्यामुळे पाच इंची रुळावर ब्रिटिश इंजिन साधारण १:११ प्रमाणात बसतं, तर आपलं ब्रॉडगेज इंजिन १:१३ प्रमाणात. माथेरानची गाडी ६१० मिमीच्या रुळावर धावते. तिचं इंजिन पाच इंची रुळावर आणलं तर प्रमाण १:४.८ होतं, म्हणजे मॉडेल भलतंच मोठं आणि जड. म्हणूनच एका इंजिनाचा नकाशा घेऊन दुसऱ्याचे भाग ‘थोडे कमी-जास्त’ करून बसत नाहीत.

नकाशे कुठे मिळतात?

‘मॉडेल इंजिनिअर’ हे ब्रिटिश मासिक १८९८ मध्ये सुरू झालं. छोट्या इंजिनांचे बरेच गाजलेले आराखडे त्यातूनच पुढे आले. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाचं साडेतीन इंची ‘टिच’ नवशिक्यांमध्ये प्रसिद्ध आहे. मार्टिन इव्हान्स यांचं पाच इंची ‘सिम्प्लेक्स’ आणि जॅक बकलर यांचं ‘स्वीट पी’ हीदेखील भरपूर बनवली गेलेली इंजिनं आहेत.

पहिल्या इंजिनासाठी असाच जुना, अनेकांनी बनवलेला आराखडा घ्यावा. कारण साधं आहे. जुन्या नकाशांमध्ये मापांच्या चुका असतात, पण ज्या आराखड्यावर शेकडो जणांनी काम केलंय त्याच्या चुका आधीच सापडलेल्या असतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मापं इंचांत आणि त्याच्या अपूर्णांकांत असतात, आपल्याकडच्या पट्ट्या आणि सळ्या मिलिमीटरमध्ये. एक माप बदललं की त्याला जोडलेली सगळी मापं तपासावी लागतात. दुसरं, ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफ. स्कॅन करताना कागद जरा जरी लहान-मोठा झाला तरी प्रमाण बिघडतं. शिवाय अनेक आराखड्यांचे हक्क अजून कुणाकडे तरी आहेत. म्हणून नकाशा विकतच घ्यावा आणि मापं लिहिलेल्या आकड्यांवरून घ्यावीत, कागदावर पट्टी ठेवून नाही.

आपल्याकडचंच इंजिन बनवायचं असेल तर? माथेरानसाठी ओरेन्स्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीने चार इंजिनं बनवली होती. त्यातलं एक नेरळला आणि एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात बघायला मिळतं. परवानगी काढून मोजमाप आणि फोटो घेता येतात. पण त्यावरून नवा नकाशा काढणं हे दुसऱ्या-तिसऱ्या इंजिनाचं काम आहे, पहिल्याचं नाही.

कास्टिंग: बाहेरून मागवायचं की इथे ओतायचं?

चाकं, सिलिंडर, धुराड्याचा पाया, घुमट अशा भागांना कास्टिंग लागतं. चाकं बिडाची असतात आणि सिलिंडर बिडाचे किंवा गनमेटलचे. गाजलेल्या आराखड्यांची कास्टिंग ब्रिटनमधले विक्रेते विकतात. अडचण वजनाची आहे. बिडाच्या सहा चाकांचा आणि दोन सिलिंडरचा टपालखर्च, त्यावर सीमाशुल्क धरलं तर हिशोब बदलतो.

दुसरा रस्ता घराजवळचा आहे. बोईसर आणि नाशिकच्या औद्योगिक वसाहती जव्हार-मोखाड्याच्या दोन बाजूंना आहेत. कोल्हापूर तर फाउंड्रीसाठीच ओळखलं जातं. मात्र फाउंड्रीवाल्याकडे नकाशा नेऊन भागत नाही. त्याला लागतो पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा लाकडी किंवा थ्रीडी प्रिंट केलेला नमुना.

हा पॅटर्न नकाशाएवढाच केला तर भाग वाया जातो, कारण धातू थंड होताना आकसतो. बीड साधारण १ टक्का आकसतं, गनमेटल साधारण दीड टक्का.

उदाहरण घेऊ. तयार चाक १५० मिमी व्यासाचं हवंय. लेथवर घासण्यासाठी प्रत्येक बाजूला २ मिमी सोडले, म्हणजे १५४ मिमी. त्यावर १ टक्का आकसणं धरलं की पॅटर्न होतो सुमारे १५५.५ मिमीचा. शिवाय वाळूतून सहज निघावा म्हणून त्याच्या कडांना थोडा उतार द्यावा लागतो.

सगळंच ओतायची गरजही नसते. दोन्ही बाजूंच्या फ्रेम लेझर कटिंगवाल्याकडून पोलादी पत्र्यातून कापून मिळतात. लहान भाग सळीतून घडवता येतात.

बॉयलरशी खेळ नाही

बॉयलर कधीच ओतीव नसतो. या आकारात तो बहुतेक वेळा तांब्याचा असतो आणि चांदीमिश्रित डाखाने जोडलेला असतो. पाच इंची इंजिनात दाब साधारण ८० ते १०० पीएसआय असतो. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १६०० पट जागा व्यापतं. बॉयलर फुटला तर जवळ उभा माणूस भाजतोच.

भारतातल्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येतून २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे बॉयलर वगळलेले आहेत. छोटी मॉडेल्स त्यात मोडतात. पण कायदा विचारत नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे. ब्रिटनमधले क्लब नव्या बॉयलरची चाचणी कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने करतात. तीही थंड पाणी भरून, हवेने नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर फक्त गळतं. दाबलेली हवा मात्र स्फोटासारखी सुटते.

खरेदीचा क्रम काय असावा?

१. आधी फक्त नकाशे घ्या आणि पूर्ण वाचा.
२. कोणत्या भागाला कास्टिंग लागतं, कोणता सळीतून होईल, याची यादी करा.
३. आपल्या लेथवर सगळ्यात मोठं चाक फिरतं का, हे मोजून बघा.
४. सिलिंडरची कास्टिंग सुरुवातीलाच घ्या आणि लगेच घासून बघा. आतली पोकळी, म्हणजे ब्लोहोल, वरून दिसत नाही. सहा महिन्यांनी सापडली तर बदलून कोण देणार?
५. बॉयलर स्वतः जोडता येत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या आणि चाचणी डोळ्यांसमोर करा.

एका इंजिनाला सवडीने काम केलं तर काही वर्षं जातात. पहिल्याच दिवशी सगळं कास्टिंग घेऊन ठेवणाऱ्यांची इंजिनं बरेचदा खोक्यातच राहतात. नकाशा समजला की मगच पुढचा भाग घ्यावा.