अर्धी राहिलेली गोधडी

अमेरिकेत गोधड्या शिवणाऱ्या बायकांमध्ये एक गमतीचा शब्द आहे, यूएफओ. उडत्या तबकड्या नव्हेत हं! अनफिनिश्ड ऑब्जेक्ट, म्हणजे हौसेने सुरू करून कपाटात कोंबलेलं शिवणकाम. आपल्याकडे त्याला वेगळा शब्द नाही, पण वस्तू घरोघरी असते. बाह्या न लावलेला ब्लाउज, एकाच बाजूने टीप मारलेला परकर, नेफ्याशिवायचा लेंगा... ट्रंकेचा तळ उपसून बघा.

इतिहासवाल्यांना मात्र अशी अर्धी कामं फार प्रिय. इंग्लंडमध्ये कापडाचे छोटे तुकडे कागदाच्या साच्यावर दुमडून टाचायचे, मग एकमेकांना जोडायचे आणि शेवटी कागद काढून टाकायचे, अशी जुनी पद्धत आहे. काम पुरं झालं की कागद गेले. अर्धं राहिलं तर जुनी पत्रं, बिलं, वर्तमानपत्रं असं सगळं आत तसंच राहतं आणि ते काम केव्हाचं, कसल्या घरातलं हे त्यावरून कळतं. पुरं केलेलं पांघरूण इतकं बोलत नाही.

आपल्या गोधडीत कागद नसतात. वरखाली जुनी नऊवारी, मध्ये विटक्या धोतरांचे आणि साड्यांचे थर, आणि काठाकडून आत आत जाणारा धावदोरा. कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात. हल्याळ-यल्लापूरच्या जंगलातले सिद्दी, ज्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून तिकडे गेले, त्यांची कवंदीही अशीच कडेकडून मध्याकडे शिवतात. तिच्या चार कोपऱ्यांना 'फुलं' लावतात. त्यांच्याशिवाय त्या बायका कवंदी पुरी झाली असं मानतच नाहीत. आपल्याकडे पुरं होणं म्हणजे दोरा मध्यावर पोचणं, एवढंच.

आजीची गोधडी मध्यावर पोचली नव्हती. दीड वीत जागा कोरी होती.

लालबागच्या चाळीत आजी ती शिवत होती, आत्याच्या लग्नासाठी. आजोबा गिरणीत होते. कामगारांना स्वस्तात मिळणारं तुकड्यांचं कापड घरात असायचं, त्यामुळे या गोधडीच्या पोटात जुन्या लुगड्यांबरोबर कोरं कापडही आहे. एका तुकड्याच्या किनारीवर गिरणीचा जांभळा शिक्का अजून वाचता येतो. (बघा, आमच्याही गोधडीत कागद निघालाच म्हणायचा!)

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. तो रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण पगार थांबल्यावर त्या खोल्यांमधून घर कसं चाललं, याचा इतिहास मला पुस्तकांपेक्षा त्या दीड वीत कोऱ्या जागेत जास्त दिसतो. आजीने सुई खाली ठेवली आणि पायमशीन धरलं. परकर, उशांचे अभ्रे, शेजारणींचे ब्लाउज. हाताच्या धावदोऱ्याला कोण पैसे देणार?

मशीन सिंगरचं होतं. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये पेटंट घेतलं आणि पाच वर्षांतच हप्त्याने मशीन विकायची पद्धत त्याच्या कंपनीने सुरू केली. गरिबाघरी मशीन पोचलं ते या हप्त्यांमुळे. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद ठरवलं होतं. बायकोचे कष्ट बघून सिंगरने प्रेमापोटी ते बनवलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सिंगरसाहेबांचे एकाच वेळी अनेक संसार चालू होते आणि मुलं वीसच्या वर! असो. गांधीजींचा निष्कर्ष मला तरीही पटतो. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने १९३० च्या दशकात 'उषा' काढली आणि पुढे चाळीचाळीतून तिचीही खडखड सुरू झाली. संपात या खडखडीने किती चुली पेटत्या ठेवल्या, ते कुठल्याच हजेरीपटावर नाही.

आत्याचं लग्न पुढे ढकललं आणि मग साधेपणाने उरकलं. गोधडी घडी घालून ट्रंकेत गेली. आजी नंतर पंधरा वर्षं होती, पण तिने ती उघडली नाही. वेळ नव्हता म्हणून, असं बाबा म्हणतात. मला तेवढंच कारण वाटत नाही. ती उघडायची म्हणजे ते वर्ष उघडायचं.

गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली. मावशीने सुचवलं, मशीनवर टीप मार, अर्ध्या तासात मोकळी होशील. शेजारच्या काकूंचं म्हणणं, सगळं उसवून नव्याने शिव, कापड विरलंय. मी दोन्ही केलं नाही. आजीचा टाका तांदळाएवढा, माझा चांगला दुप्पट. दोरा तिच्यासारखा पांढरा घेतला असता तर लांबून खपून गेला असता. मी मुद्दाम निळा घेतला. कुणी कुठवर शिवलं ते दिसलंच पाहिजे, नाहीतर आजीच्या नावावर माझे वाकडे टाके जायचे :)

त्या दीड विताला अकरा दुपारी लागल्या. चार थरांतून सुई ओढताना अंगठा सुजतो, हे गोधडीच्या इतिहासात कुणीतरी नोंदवायला हवं. आजीच्या शेवटच्या टाक्यातून दोरा तसाच लोंबत होता, गाठ मारलेली नव्हती. म्हणजे ती थोड्या वेळासाठीच उठली असावी. तो दोरा मी कापला नाही, माझ्या पहिल्या टाक्याखाली दाबून घेतला.

गोधडी आत्याची होती, तिलाच नेऊन दिली. तिने चष्मा लावून आधी निळे टाके बघितले आणि म्हणाली, "एवढे लांब टाके? आईने उसवायला लावलं असतं." मग काठाकडून बोट फिरवत फिरवत तिच्या आईच्या शेवटच्या टाक्यापाशी आली आणि चहा गार होईपर्यंत तिथेच थांबली.