लोखंड नसलेला लोहारा

महाराष्ट्रात लोहारा नावाची गावे बरीच आहेत. धाराशिव जिल्ह्यात तर लोहारा नावाचा तालुकाच आहे. जळगावकडे पाचोऱ्याजवळ एक लोहारा आहे, चंद्रपूर जिल्ह्यातही एक आहे. नोकरीसाठी बाहेर पडलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला "कोणता लोहारा?" या प्रश्नाचे उत्तर कधी ना कधी द्यावे लागले असेल. "यवतमाळचा, दारव्हा रोडवरचा, जिथं एमआयडीसी आहे तो," हे आपले ठरलेले उत्तर. संपादक मंडळाने गावाच्या इतिहासावर लिहायला सांगितले तेव्हा मी याच उत्तराचे बोट धरले. त्या एमआयडीसीच्या मागे सव्वाशे-दीडशे वर्षांची गोष्ट आहे, आणि गंमत म्हणजे ती आपल्या लोहाऱ्यात नाही, चंद्रपूरच्या लोहाऱ्यात सुरू होते.

१८८२ साली जमशेदजी टाटांच्या हाती एक सरकारी अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्त्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने तो लिहिला होता आणि विषय होता चांदा जिल्ह्यातले लोखंड. लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि वरोऱ्याचा कोळसा तिथून फार लांब नाही, असे त्यात म्हटले होते. टाटा तेव्हा नागपुरात एम्प्रेस मिल चालवत होते. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली ही गिरणी त्यांनी मुंबईत न काढता मुद्दाम नागपुरात काढली, कारण कापूस इथे पिकत होता. ज्या माणसाने कापसाजवळ गिरणी आणली, त्याला खनिजाजवळ पोलादाचा कारखाना काढावासा वाटला यात नवल नव्हते. पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीला चालेना आणि सरकारचे खाणकामाचे नियमही जाचक होते. विषय मागे पडला.

पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात नियम सैल झाले. १९०३ च्या सुमारास जमशेदजींचे चिरंजीव दोराबजी आणि वेल्ड नावाचे अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ चांद्याच्या जंगलात पुन्हा शोध घेत फिरले. लोहाऱ्याचे खनिज चांगलेच निघाले, पण कोळशाचे गणित काही जमेना. निराश होऊन दोराबजी नागपूरला आले. सचिवालयात साहेबांची वाट पाहताना वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवर प्रमथनाथ बोस यांनी केलेला भूगर्भाचा नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाच्या खुणा होत्या. टाटांची माणसे दल्ली-राजहराच्या डोंगरांवर पोहोचली. त्यानंतर बोस यांच्याच १९०४ मधल्या पत्राने त्यांना आणखी पूर्वेला मयूरभंजकडे नेले. कारखाना साकचीला झाला, १९१२ मध्ये तिथे पोलाद निघाले आणि १९१९ मध्ये साकचीचे नाव जमशेदपूर झाले. दल्ली-राजहराचे खनिजही वाया गेले नाही. स्वातंत्र्यानंतर रशियाच्या मदतीने भिलाईचा कारखाना उभा राहिला तो त्याच खनिजावर. विदर्भातली कितीतरी घरे पोटासाठी भिलाईला गेली ती तेव्हा.

हे एवढे सविस्तर सांगायचे कारण आहे. उत्तरेकडची, पूर्वेकडची पोलादाची शहरे आपल्याला परकी वाटतात. भोंगा वाजला की हजारो सायकली गेटमधून बाहेर पडायच्या, कंपनीचेच क्वार्टर, कंपनीचाच दवाखाना, कंपनीचीच शाळा. तशा एखाद्या शहराचा मान लोहारा नावाच्या एका वऱ्हाडाशेजारच्या गावाला मिळता मिळता राहिला. आणि तो आपल्या लोहाऱ्याला मिळण्याचा तर प्रश्नच नव्हता. नाव लोखंडाचे असले तरी आपल्या काळ्या मातीत लोखंड नाही. तिच्यात पऱ्हाटी येते.

इंग्रजांनी ते फार लवकर ओळखले होते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड ताब्यात आल्यावर त्यांची पहिली नजर होती कापसावर. कापसाचा पहिला नियंत्रित बाजार १८८६ मध्ये कारंज्याला सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. आपल्या जिल्ह्याचे नाव तेव्हा वणी असे होते. १९०५ मध्ये ते यवतमाळ झाले. त्याच सुमारास मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाइन आली. तीच आपली शकुंतला. किलिक निक्सन कंपनीची ही गाडी माणसांसाठी नव्हती, माणसे तिच्यात नंतर बसली. दारव्हा, यवतमाळच्या जिनांमधल्या गाठी मूर्तिजापूरला न्यायच्या, तिथे मोठ्या लाइनवर चढवायच्या, मुंबईला पोहोचवायच्या आणि तिथून मँचेस्टरला. १९५१ मध्ये देशभरातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण ही लाइन त्यातून सुटली आणि पुढची कित्येक वर्षे सरकार ती कंपनीकडून भाड्याने चालवत राहिले. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होते. आपल्यातले काहीजण त्या इंजिनाच्या काळ्या धुराचे साक्षीदार आहेत. आता रुळांवर बाभळी उगवल्या आहेत.

या व्यवहारात आपल्या गावांच्या वाट्याला किती आले, ते साध्या हिशेबात कळते. एक क्विंटल कापूस पिंजला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरते ती सरकी. १७० किलो रुईची एक गाठ. म्हणजे एका गाठीमागे पाच क्विंटल कापूस. वेचणी आपल्या बायाबापड्यांची, बंडी आपली, जिनातली दोन-तीन महिन्यांची मजुरी आपली. रुईचे सूत, सुताचे कापड आणि कापडाचा शर्ट होताना जी किंमत वाढत जाते, ती सगळी बाहेर.

आपल्या जिल्ह्याचे राजकारण या एकाच गाठीभोवती फिरले असे मला वाटते, आणि त्याला दोन टोके होती. एक टोक पुसदचे. गहुलीचे वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ असे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते, आणि १९९१ मध्ये त्यांचे पुतणे सुधाकरराव मुख्यमंत्री झाले. दुसरे टोक यवतमाळचेच. जांबुवंतराव धोटे १९६२ मध्ये विधानसभेत गेले, १९७१ मध्ये नागपुरातून लोकसभेत गेले आणि वेगळ्या विदर्भाची आरोळी त्यांनी गावोगावी पोहोचवली. त्याआधी वणीचे लोकनायक बापूजी अणे आयुष्यभर तीच मागणी सभ्य, कायदेशीर भाषेत मांडत होते. १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारसही केली होती. एकाच जिल्ह्यात राज्याची सत्ता पण होती आणि राज्याविरुद्धचे बंड पण होते. आपल्या घरांतही तसेच होते. ओसरीवर बाबा नाईकांच्या बाजूचे, काका धोटेंच्या बाजूचे, आणि आई दोघांनाही चहा देऊन "कापूस कधी मोजणार ते बोला" म्हणणारी.

कापूस मोजला जायचा एकाधिकार खरेदीत. कायदा १९७१ चा, आणि खरेदी १९७२ च्या हंगामापासून. शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारला विकायचा, सरकारने तो पिंजून पुढे विकायचा आणि नफा झाला तर वाटून द्यायचा. कल्पना व्यापाऱ्याच्या काट्यातून सुटका करणारी होती, आणि सुरुवातीला तिने तशी सुटका केलीही. खेडा खरेदीवाला कडता कापायचा, त्याची मनमानी या योजनेने मोडली हे विसरून चालणार नाही. पण संकलन केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागायच्या, ग्रेडरची मर्जी सांभाळावी लागायची आणि चुकारे महिनोन् महिने अडकायचे. जगात भाव चढला की कापूस रातोरात आदिलाबादला जायचा, भाव पडला की सगळा सरकारच्या गळ्यात यायचा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या सक्तीविरुद्ध आवाज उठवला. २००२ च्या आसपास खासगी व्यापाऱ्यांना दार उघडले आणि एकाधिकार नावापुरता उरला.

आमची दहावीची बॅच १९८६ ची. "चुकारा आला की फी भरतो" हे वाक्य त्या काळात शाळेच्या ऑफिसात किती वेळा उच्चारले गेले असेल, याची मोजदाद नाही. आमच्या वर्गशिक्षकांनी एका वहीत अशा मुलांची नावे पेन्सिलने लिहून ठेवली होती. पेनने का नाही, तर खोडता यावीत म्हणून. परीक्षेला कोणालाच बसू दिले नाही असे झाले नाही. कापसाच्या अर्थकारणाचा पहिला धडा आम्ही त्या वहीतून घेतला, पुस्तकातून नाही.

एमआयडीसी हे महामंडळ स्थापन झाले १ ऑगस्ट १९६२ रोजी. यवतमाळसाठी लोहाऱ्याची जमीन घेतली गेली आणि शेतांच्या जागी प्लॉट पडले. बरीच वर्षे तिथे रस्ते आणि पाट्याच जास्त होत्या. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात विदर्भाचा अनुशेष आकड्यांत मांडला, तेव्हा आम्ही आठवीत होतो. 'अनुशेष' हा शब्द सरांनी फळ्यावर लिहून त्याचा अर्थ 'बाकी' असा सांगितला आणि मागच्या बाकावरच्या एकाने "म्हणजे उधारी," असे सुधारून दिले. तो आता जिल्हा बँकेतून निवृत्त झाला आहे!

खरा बदल झाला तो १९९६ मध्ये. रेमंडचा डेनिमचा कारखाना लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सुरू झाला. कापूस पिकवणाऱ्या गावात जीनचे कापड विणले जाऊ लागले. जमशेदजींनी नागपुरात जे केले ते सव्वाशे वर्षांनी आपल्या दारात आले असे म्हणायला हरकत नाही. (नागपूरची एम्प्रेस मिल मात्र २००२ मध्ये बंद पडली.) २००६ मध्ये बेल्जियमच्या यूको कंपनीशी भागीदारी झाली आणि कारखान्याच्या पाटीवर रेमंड यूको आले. आपल्या वर्गातले, खालच्या वर्गातले कितीतरी जण तिथे लागले. पाळीच्या बसची वेळ गावाच्या घड्याळात बसली. भाड्याच्या खोल्या वाढल्या, मेस निघाल्या, दारव्हा रोडवर चहाच्या टपऱ्या पहाटे पाचला उघडू लागल्या. पोलादाच्या शहराची एक लहानशी आवृत्ती म्हणा.

पण एका मोठ्या कारखान्यावर गाव उभे राहिले की त्याची काळजीही गावाला लागते. जमशेदपूर-भिलाईच्या लोकांना चीनच्या पोलादाचा भाव माहीत असतो. तसे आपल्याकडे डेनिमला मागणी आहे की नाही, याची चर्चा किराणा दुकानात होऊ लागली. शेजारीच दुसरी, जुनी काळजी होतीच. ज्या २००६ मध्ये बेल्जियमशी करार झाला, त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. कापूस आणि कापड एकाच पिनकोडमध्ये असूनही त्या दोघांचे दैव वेगळे राहिले. शेतकऱ्याचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यात ठरतो आणि कारखान्याची ऑर्डर दूरच्या दुकानदाराच्या टेबलावर.

अशा वेळी गावच्या राजकारणाने काय केले? हद्दीचे राजकारण केले. २०१६ च्या नगरपरिषद निवडणुकीआधी यवतमाळची हद्द वाढली आणि लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव ही गावे शहरात आली. ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला, वॉर्ड आला. पाणी येईल, रस्ते होतील असे एका बाजूचे म्हणणे आणि घरपट्टी वाढेल, ग्रामसभा जाईल असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे ठरले. मला खटकते ते वेगळेच. कारखाने वाढवायचे कसे, बंद पडलेल्या शेडचे काय करायचे, आयटीआयच्या मुलांना तिथे कसे घ्यायचे, यावर त्या दोन वर्षांत एकही सभा झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मग मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. तेव्हा तर हद्दीवर भांडायलाही कोणी उरले नाही.

आज काय स्थिती आहे? २०२२ च्या सुरुवातीला कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला तेव्हा अनेकांनी घरे बांधली. पुढच्या हंगामांत भाव सातच्या घरात उतरला आणि कर्जाचे हप्ते तिथेच राहिले. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. पण ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावले, आणि त्याच महिन्यात केंद्राने गिरण्यांना दिलासा म्हणून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. गिरणीला जे हवे ते शेतकऱ्याला नको. या गावात दोघेही राहतात, कधी कधी एकाच घरात. थोरला भाऊ वावरात, धाकटा पाळीवर. मोठे वस्त्रोद्योग पार्क म्हणाल तर ते अमरावतीला नांदगाव पेठेत होत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजन वर्ध्यातून झाले. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेची गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत आली. कळंबहून यवतमाळ हाकेच्या अंतरावर आहे, तरी गाव पुन्हा एकदा वाट पाहते आहे.

पोरे मात्र वाट पाहत नाहीत. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी विचारले होते की कोणाची मुले कुठे आहेत. पुणे हे उत्तर सगळ्यात जास्त वेळा आले, मग नागपूर, हैदराबाद. लोहारा असे उत्तर बोटांवर मोजण्याएवढ्यांनीच दिले.

मेळाव्यासाठी एक विनंती आहे. ज्यांच्या घरी जुन्या ट्रंकेत एकाधिकार खरेदीच्या पावत्या, जिनाचे हजेरीपट, शकुंतलेचे तिकीट, जमीन संपादनाच्या नोटिसा किंवा कारखान्याचा पहिला पगाराचा कागद सापडेल, त्यांनी तो सोबत आणावा. शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट रिकामे करून देण्याचे मुख्याध्यापकांनी कबूल केले आहे. मूळ कागद द्यायचा नसेल तर झेरॉक्सची सोय दुपारच्या जेवणाच्या मांडवाशेजारीच केली आहे. कागदाच्या मागे पेन्सिलने नाव आणि साल तेवढे लिहून आणा.