व्यक्तिमत्त्वविकृती व हिंसक गुन्हा

व्यक्तीच्या विचारांची, भावनांची व इतरांशी वागण्याची ठेवण पौगंडावस्थेपासून ताठर बनली, समाजाच्या सामान्य अपेक्षांहून ती फार वेगळी झाली आणि तीमुळे त्या व्यक्तीस किंवा इतरांस दीर्घकाळ त्रास होऊ लागला, म्हणजे त्या अवस्थेस ‘व्यक्तिमत्त्वविकृती’ अशी संज्ञा देतात. चित्तविकृतीत (उदा., छिन्नमनस्कतेत) रुग्णाचा वास्तवाशी असलेला संबंध तुटतो, व्यक्तिमत्त्वविकृतीत तो सामान्यतः टिकून असतो. व्यक्तिमत्त्वविकृतींचा, विशेषतः त्यांतील समाजविघातक प्रकाराचा, हिंसक गुन्ह्यांशी संबंध आहे. पण तो मर्यादित आहे. क्रूर कृत्यामागे विकृत मनच असले पाहिजे, हे गृहीत अनेकदा चुकीचे ठरले आहे. महाराष्ट्रातील काही गाजलेले खटले, विशेषतः मराठवाड्यातील मानवतचा खटला, या दृष्टीने उद्‌बोधक आहेत.

संकल्पनेचा विकास : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच वैद्य फिलिप पीनेल यांनी बुद्धी शाबूत असूनही अनावर हिंसा करणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. इंग्रज वैद्य जेम्स प्रिचर्ड यांनी १८३५ मध्ये अशा अवस्थेस ‘नैतिक उन्माद’ असे नाव दिले. अमेरिकन मनोविकारतज्ञ हर्व्ही क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये वरकरणी शहाण्या, परंतु पश्चात्तापशून्य व्यक्तींचे सविस्तर चित्रण केले. अमेरिकन मनोविकारवैद्यक संघटनेने १९८० च्या वर्गीकरणात समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकृतीचे निश्चित निकष घालून दिले. २०२२ पासून अंमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मात्र विकृतीच्या प्रकारांऐवजी तिच्या तीव्रतेवर भर देण्यात आला आहे.

हिंसेशी संबंध : सीना फझेल व जॉन डॅनेश यांनी २००२ मध्ये १२ देशांतील ६२ पाहण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सु. २३,००० कैद्यांची माहिती होती. पुरुष कैद्यांपैकी ६५ टक्के व्यक्तींमध्ये कोणती ना कोणती व्यक्तिमत्त्वविकृती व ४७ टक्के व्यक्तींमध्ये समाजविघातक विकृती आढळली. चित्तविकृतीचे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होते. हे आकडे सावधपणे वाचावे लागतात. एक तर बहुतेक पाहण्या पाश्चात्त्य देशांतील होत्या. दुसरे असे, की वारंवार कायदेभंग करणे हाच समाजविघातक विकृतीचा एक निकष असल्याने तुरुंगात तिचे प्रमाण मोठे दिसणे स्वाभाविक आहे. गुन्ह्यावरून विकृती ठरवावयाची आणि विकृतीवरून पुन्हा गुन्ह्याचे स्पष्टीकरण द्यावयाचे, असा हा तर्कदोष होय. शिवाय दारू व इतर मादक पदार्थांचे व्यसन, बालपणी सोसलेली मारहाण व उपेक्षा यांचाही हिंसेशी निकटचा संबंध आहे. आणि व्यक्तिमत्त्वविकृती असलेल्या बहुसंख्य व्यक्ती हिंसक गुन्हा करीतच नाहीत.

निदानाचा शिक्का किती घातक ठरू शकतो, याचे उदाहरण भारताच्या इतिहासातच आहे. इटालियन गुन्हाशास्त्रज्ञ चेझारे लोंब्रोझो यांनी १८७६ मध्ये ‘जन्मजात गुन्हेगारा’ची कल्पना मांडली. तत्पूर्वी १८७१ मध्येच ब्रिटिश सरकारने काही जमातींना कायद्याने गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तथापि पारधी, कैकाडी आदी समाजांवरील संशय त्यानंतरही टिकून राहिला आणि मराठवाड्यातही त्याची झळ त्यांना दीर्घकाळ सोसावी लागली.

कायद्याची भूमिका : इंग्लंडमधील मॅक्‌नॉटन खटल्यानंतर १८४३ मध्ये जे नियम ठरले, त्यांचा प्रभाव १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ वर दिसतो. मनोविकलतेमुळे आपल्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते चूक वा बेकायदेशीर आहे हे, कृत्य करतेवेळी जाणण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीसच या कलमाचा आधार मिळे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात स्वतंत्र दंडविधान होते. १९५१ मध्ये भारतीय दंड संहिता तेथे, पर्यायाने मराठवाड्यात, लागू झाली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. व्यक्तिमत्त्वविकृतीत कृत्याची जाण शाबूत असल्याने केवळ तेवढ्या आधारावर आरोपीस सहसा दोषमुक्ती मिळत नाही.

महाराष्ट्रातील खटले : मुंबईच्या उत्तर उपनगरांत झोपडीत वा पदपथावर निजलेल्या अनेकांची हत्या करणाऱ्या रामन राघव यास १९६८ मध्ये अटक झाली. प्रथम पोलीस शल्यचिकित्सकांच्या निरीक्षणात त्यास मनोविकार नसल्याचे सांगण्यात आले आणि त्यास मृत्युदंड झाला. पुढे तीन तज्ञांच्या मंडळाने त्यास दीर्घकालीन छिन्नमनस्कता असल्याचे निदान केले व शिक्षा जन्मठेपेत परिवर्तित झाली. १९९५ मध्ये तो मरण पावला. याच्या उलट, १९७६-७७ मध्ये पुण्यात जोशी, अभ्यंकर इ. कुटुंबांतील दहा जणांचे खून करणारे चौघे कलाविद्यार्थी न्यायालयात पूर्णपणे जबाबदार ठरले. १९८३ मध्ये येरवडा कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली.

परभणी जिल्ह्यातील मानवत येथे नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात लहान मुली व स्त्रिया यांचे एकापाठोपाठ एक खून झाले. मुंबई गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांनी या प्रकरणाचा तपास केला. गुप्तधन सापडावे व अपत्यप्राप्ती व्हावी, यांसाठी पिंपळाखालील मुंजास कुमारिकांचे रक्त अर्पण करण्याचा हा कट होता, असे अभियोगपक्षाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निकालात माफीच्या साक्षीदाराच्या साक्षीची विश्वसनीयता आणि शिक्षेविषयी आरोपीचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन हे प्रश्न महत्त्वाचे ठरले. अभियोगपक्षाने मांडलेल्या या हेतूचा उलगडा करण्यास कोणत्याही निदानाची गरज भासत नाही. प्रचलित असलेली श्रद्धा, पैसा व दुर्बलांची असहायता एवढी त्यास पुरेशी आहेत. अशा गुन्ह्यांना आळा घालण्याचा उपायही वैद्यकीय नसून सामाजिक व कायदेशीर आहे. नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा २०१३ मध्ये झाला.

मराठवाड्यातील सोयी : हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय जालना येथे होते. ते १९५३ मध्ये हैदराबादला हलविण्यात आले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे होती. मराठवाड्यात एकही नव्हते. त्यामुळे नांदेड वा लातूर भागातील आरोपीच्या दीर्घ मानसिक निरीक्षणाची सोय त्याच्या घरापासून व न्यायालयापासून शेकडो किलोमीटर दूर असे. अंबेजोगाई (१९७४), नांदेड (१९८८) व लातूर (२००२) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाल्यावर तज्ञांची उपलब्धता वाढली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर भागात मानसिक आरोग्याकडे प्रथमच मोठ्या प्रमाणावर लक्ष गेले. मात्र त्याचे निमित्त गुन्हा नसून शोक हे होते.

योग्य निदानाअभावी दोन्ही बाजूंनी अन्याय संभवतो. खरोखर रुग्ण असलेला आरोपी फासापर्यंत जातो, तर शहाणपणाने केलेल्या गुन्ह्यावर रोगाचे पांघरूण पडते. रामन राघव व मानवत ही प्रकरणे या दोन शक्यतांची निदर्शक होत.